वीस बाय-इनचा नियम नक्की काय सिद्ध करतो?

२०१५ च्या एप्रिल-मे महिन्यांत अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात चार व्यावसायिक पोकर खेळाडू आणि एक संगणक प्रणाली यांच्यात लढत झाली. प्रणालीचं नाव क्लॉडिको, आणि ती बनवणारे कार्नेगी मेलन विद्यापीठातले संशोधक. प्रत्येक खेळाडूने २०,००० असे एकूण ८०,००० डाव झाले. शेवटी चौघांची मिळून बेरीज ७,३२,७१३ चिप्सने वर होती. म्हणजे माणसं जिंकली ना? तर संशोधकांनी सांगितलं, संख्याशास्त्राच्या दृष्टीने ही बरोबरीच आहे. अनेक पोकरवाल्यांना हा सरळसरळ रडीचा डाव वाटला. पण ९५ टक्के विश्वासपातळी धरली तर जिंकण्याचा दर शून्यापासून पुरेसा लांब गेलेला नव्हता, हे खरंच होतं. आणि नशिबाचा भाग कमी व्हावा म्हणून तेच पत्ते उलटसुलट करून दोन टेबलांवर वाटले होते, तरीही ही स्थिती.

आता याच्या शेजारी ऑनलाइन पोकरमधला सगळ्यात प्रसिद्ध सल्ला ठेवून बघा: ‘वरच्या टेबलाच्या वीस बाय-इन एवढे पैसे जमले की वर जा.’ वीस बाय-इन कमवायला कधीकधी पंधरा-वीस हजार डावही पुरतात. जिथे ८०,००० डावांनंतर संशोधक ‘सांगता येत नाही’ म्हणतात, तिथे एक साधा खेळाडू वीस हजार डावांनंतर ‘मी आता वरच्या पातळीचा झालो’ म्हणतो. या दोन वाक्यांमधलं अंतर हाच आजचा विषय. पोकर हे निमित्त आहे. पण निमित्त फार चांगलं आहे, कारण इथे गोंधळ मोजता येतो. संशोधनाला लागणाऱ्यांना ‘माझा पुरावा पुरेसा आहे का’ हा प्रश्न पुढची निदान पाच वर्षं सोडणार नाहीये.

एक गोष्ट आधीच सांगून टाकू. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे. त्यामुळे हा लेख ‘कसं खेळावं’ सांगत नाही. एका लोकप्रिय नियमाची आणि त्यामागच्या गणिताची ही चिकित्सा आहे.

नियम आणि त्याचा पुरस्कर्ता

थोडी परिभाषा. नो-लिमिट होल्डेममध्ये प्रत्येक डावाआधी दोन खेळाडूंना सक्तीची रक्कम लावावी लागते. त्यातली मोठी रक्कम म्हणजे बिग ब्लाइंड. टेबलाची पातळी, म्हणजे स्टेक्स, यावरूनच ठरते. टेबलावर बसताना साधारण १०० बिग ब्लाइंड घेऊन बसायचं, हा झाला एक बाय-इन. खेळासाठी बाजूला काढलेली सगळी रक्कम म्हणजे बँकरोल. आणि खेळाडूचं कौशल्य मोजतात ते ‘दर शंभर डावांना किती बिग ब्लाइंड’ या मापाने. खाली मी ‘दर ३’ असं लिहीन तेव्हा दर शंभर डावांना सरासरी ३ बिग ब्लाइंड, असं समजा.

वीस बाय-इनचा नियम एका माणसाचा म्हणता येणार नाही, पण त्याला प्रतिष्ठा दिली ती ख्रिस फर्ग्युसनने. हा गृहस्थ आपल्या बिरादरीतलाच. १९९९ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून संगणकशास्त्रात पीएचडी, आणि पुढच्याच वर्षी वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेचा विजेता. २००६-०७ च्या सुमारास त्याने फुल टिल्ट या संकेतस्थळावर एक आव्हान घेतलं: शून्य डॉलरपासून सुरुवात करून दहा हजारांपर्यंत जायचं. प्रवेशशुल्क नसलेल्या स्पर्धांमधून पहिले काही सेंट मिळवायचे आणि मग काटेकोर नियम पाळत वर चढायचं. नियम असे: रोख टेबलावर बँकरोलच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त घेऊन बसायचं नाही, मोठ्या स्पर्धांना २ टक्क्यांपेक्षा जास्त शुल्क भरायचं नाही, टेबलावरची आपली रक्कम बँकरोलच्या १० टक्क्यांवर गेली की उठायचं. पाच टक्के म्हणजेच वीस बाय-इन. तो दहा हजारांपर्यंत पोहोचला आणि नियम गाजला.

आधी या नियमाचं जे चांगलं आहे ते मोकळेपणाने मान्य करू. हा नियम दोन्ही बाजूंनी चालतो. पैसे वाढले की वर, घटले की खाली. बहुतेक जण ‘वर कधी जायचं’ एवढंच विचारतात. ‘खाली कधी यायचं’ हे विचारतच नाहीत. खाली यायची शिस्त पाळली तर भांडवल पूर्ण बुडण्याची शक्यता फार कमी होते. १९५६ मध्ये बेल लॅब्जच्या जॉन केलीने दाखवलं होतं की दीर्घकाळ वाढ हवी असेल तर पैज भांडवलाच्या प्रमाणात ठेवावी. फर्ग्युसनचा नियम त्याच घराण्यातला. थोडक्यात, पैसे सांभाळण्याचा नियम म्हणून तो शहाणपणाचा आहे.

अडचण पुढे आहे. लोक हा नियम परीक्षा म्हणून वापरतात. ‘वीस जमले, म्हणजे मी ही पातळी जिंकली.’ नियम तिजोरीबद्दल बोलतो, ऐकणारा ते स्वतःच्या कौशल्याबद्दल ऐकतो.

परीक्षा म्हणून हा नियम किती चालतो?

हिशेबच करू. सहा जणांच्या टेबलावर दर शंभर डावांचं प्रमाण विचलन साधारण ८० ते १०० बिग ब्लाइंड असतं. आपण ९० धरू. म्हणजे दर ३ असलेला चांगला खेळाडू शंभर डावांत सरासरी ३ कमावतो, पण इकडे-तिकडे ९० चे हेलकावे खातो. सरासरीपेक्षा गोंगाट तीसपट.

समजा एक खेळाडू वीस बाय-इन घेऊन एका टेबलावर बसतो. वरचं टेबल दुप्पट मोठं आहे. म्हणजे त्याचे पैसे दुप्पट झाले, तर वरचे वीस बाय-इन होतात. हिशेब सोपा राहावा म्हणून असं धरू की तो एक तर दुप्पट करेपर्यंत खेळतो, नाहीतर संपेपर्यंत. प्रश्न असा की दुप्पट आधी होण्याची शक्यता किती?

अगदी शून्य दराच्या खेळाडूची शक्यता निम्मी. हे नाणेफेकीसारखंच आहे आणि सरासरी जवळपास ५०,००० डावांत निकाल लागतो. दर ३ असलेल्या खऱ्या जिंकणाऱ्याची शक्यता सुमारे ८१ टक्के. आणि दर उणे १ असलेल्या, म्हणजे हळूहळू पण नक्की हरणाऱ्या खेळाडूची? सुमारे ३८ टक्के. आकडा परत वाचा. हरणाऱ्या दहांपैकी जवळपास चार जण ही परीक्षा पास होतात. अगदी उणे ३ दराचा खेळाडूसुद्धा १८-१९ टक्के वेळा पास होतो.

आता मूळ प्रमाण विचारात घ्या. समजा शंभर खेळाडूंपैकी २० जणांचा दर ३ आहे आणि ८० जणांचा उणे १. (हे प्रमाण मी उदाहरणासाठी धरलंय. पण रेक, म्हणजे आपल्याकडच्या पत्त्यांच्या अड्ड्यावरची नाल, प्रत्येक मोठ्या डावातून कापली जाते. त्यामुळे सगळ्यांची मिळून सरासरी शून्याच्या खालीच असते.) वीस चांगल्यांपैकी साधारण १६ पास. ऐंशी हरणाऱ्यांपैकी साधारण ३० पास. वरच्या टेबलाच्या दाराशी ४६ जण उभे आहेत आणि त्यातले खरे जिंकणारे फक्त १६, म्हणजे सुमारे ३५ टक्के. बाकीच्या तिघांतल्या दोघांच्या हातात तेच प्रमाणपत्र आहे, तेवढाच आत्मविश्वास आहे, आणि कदाचित ‘मी कसा वर चढलो’ ही गोष्टही तयार आहे.

कोणी म्हणेल, मग परीक्षा कडक करा, चाळीस बाय-इन ठेवा. करून बघितलं. चाळीसचे ऐंशी करायला लावले, तर दर ३ वाला ९५ टक्के वेळा पास होतो आणि उणे १ वाला २७ टक्के वेळा. दाराशी उभ्या असलेल्यांत खरे जिंकणारे होतात ४७ टक्के. अजूनही निम्मे नाहीत. मेहनत कितीतरी वाढली, निदान मात्र थोडंसंच सुधारलं.

आणि खरी गंमत तर पुढे आहे. पैसे बुडाले की खेळाडू काय करतो? पुन्हा पैसे भरतो. उणे १ दराच्या माणसाने तीनदा प्रयत्न केला, तर कधी ना कधी पास होण्याची शक्यता ७६ टक्क्यांवर जाते. पहिले दोन प्रयत्न तो ‘तेव्हा मी शिकत होतो’ या खात्यावर टाकतो आणि तिसऱ्याची गोष्ट सांगतो. संशोधन पद्धतीच्या तासाला तुम्ही ‘पी-हॅकिंग’ हा शब्द ऐकला असेल. हवा तो निकाल येईपर्यंत प्रयोग करत राहायचं आणि आल्याबरोबर थांबायचं. इथे तो कोणी लबाडी म्हणून करत नाही. नियमाची रचनाच तशी आहे. वर जाण्याचा क्षण नेमका चांगल्या लाटेच्या टोकावर येतो, त्यामुळे त्या क्षणी मोजलेला दर हा खऱ्या दरापेक्षा जास्तच दिसणार. वर गेल्यावर ‘इथे पत्तेच लागत नाहीत’ ही तक्रार येते तिच्यामागे बरेचदा वरच्या टेबलाचा दोष नसतोच. आकडा आपल्या सरासरीकडे परत येत असतो, एवढंच.

पुस्तकातलं गणित आणि त्याचं अर्धवट वाचन

या विषयावरचं सगळ्यात गंभीर पुस्तक म्हणजे बिल चेन आणि जेरॉड अँकनमन यांचं २००६ मधलं ‘द मॅथेमॅटिक्स ऑफ पोकर’. चेन स्वतः गणितातला पीएचडी. पुस्तकात भांडवल बुडण्याच्या शक्यतेचं एक सुटसुटीत सूत्र आहे. शब्दांत सांगायचं तर: दर आणि बँकरोल यांच्या गुणाकाराची दुप्पट घ्या, तिला विचलनाच्या वर्गाने भागा, आणि ‘ई’ या संख्येचा तेवढा ऋण घात काढा. आलेलं उत्तर म्हणजे त्याच टेबलावर कायम खेळत राहिल्यास कधी ना कधी शून्यावर येण्याची शक्यता.

दर ३, विचलन ९० आणि वीस बाय-इन घातले तर उत्तर येतं सुमारे २३ टक्के. चाळीस बाय-इन असतील तर ५ टक्के. दर ५ असेल तर वीस बाय-इनलाही साडेआठ टक्केच. दर १ असेल तर मात्र ६१ टक्के. आणि दर शून्य किंवा त्याखाली असेल तर बँकरोल कितीही असो, उत्तर १०० टक्के. इथेच ‘वीस’ या आकड्याची जादू संपते. एकच वीस कुणासाठी भरपूर आहे, कुणासाठी तुटपुंजं, आणि कुणासाठी त्याला काही अर्थच नाही. सगळं दरावर अवलंबून. आणि दर तर आपल्याला माहीत नाही!

तो माहीत करून घ्यायला काय लागतं? दहा हजार डावांनंतर दराची प्रमाण त्रुटी ९ असते. म्हणजे ‘माझा दर ६ आहे’ म्हणणाऱ्याचा दर उणे १२ ते अधिक २४ यांत कुठेही असू शकतो. एक लाख डावांनंतर त्रुटी २.८. दर ३ हा शून्यापासून दोन प्रमाण त्रुटी लांब जायला ३,६०,००० डाव लागतात. चार टेबलांवर मिळून तासाला ३०० डाव होतात असं धरलं तर हे झाले १,२०० तास. रोज चार तास खेळलात तर ३०० दिवस. तोवर समोरचे खेळाडू बदललेले असतात, आपणही बदललेलो असतो. मोजायची वस्तू मोजून होईपर्यंत जागेवर थांबत नाही.

चेन-अँकनमन यांचं मोठेपण असं की ही अडचण त्यांनी टाळलेली नाही. दर अनिश्चित असताना बुडण्याची शक्यता कशी बदलते, यावर त्यांनी वेगळं प्रकरण लिहिलंय. माझ्या मते पुस्तकातला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. कल्पना साधी आहे. समजा तुमचा दर ६, ३ किंवा शून्य असण्याची शक्यता सारखीच आहे. सरासरी ३ च. मग वीस बाय-इनला बुडण्याची शक्यता २३ टक्केच का नाही? कारण दर ६ ला ती ५ टक्के आहे, ३ ला २३, आणि शून्याला १००. तिघांची सरासरी होते जवळपास ४३ टक्के. चांगल्या शक्यतेने जेवढं वाचवलं त्यापेक्षा वाईट शक्यतेने कितीतरी जास्त घालवलं. सूत्राचा आलेख खालून फुगीर आहे, म्हणून ‘सरासरी दर’ सूत्रात घालून मिळालेलं उत्तर कायम गोड असतं आणि कायम चुकीच्याच बाजूला.

पण वापरणाऱ्यांनी उचललं ते फक्त पहिलं सूत्र. गणनयंत्रात दर घाला, उत्तर घ्या. अनिश्चिततेचं प्रकरण मागेच राहिलं. संशोधनातही हे रोज होतं. पद्धत मांडणारा माणूस तिच्या मर्यादा नीट सांगतो. ती वापरणारे सूत्र घेतात आणि मर्यादा ठेवून जातात. कुठलंही सूत्र उचलताना मूळ लेखकाने त्याच्या पुढच्या पानावर काय लिहिलंय ते वाचायची सवय लावून घ्या.

पुस्तकावर माझा एक आक्षेप आहे. हे सूत्र दर कायम तोच राहतो आणि डाव एकमेकांपासून स्वतंत्र असतात असं धरतं. पण हरत असलेला माणूस तसाच खेळत नाही. चिडून खेळणं, ज्याला पोकरमध्ये टिल्ट म्हणतात, त्याचा अर्थच हा की मागचे डाव पुढच्या डावाचा दर बदलतात. म्हणजे दर नेमका तेव्हा घसरतो जेव्हा बँकरोल आधीच घसरलेलं असतं. सूत्राचं उत्तर त्यामुळेही आशावादीच ठरतं.

वरचं टेबल म्हणजे वेगळाच प्रयोग

आतापर्यंत आपण खालच्या टेबलाबद्दलच बोललो. वर जायचा निर्णय मात्र वरच्या दरावर ठरायला हवा, आणि वरच्या टेबलावर आपण शून्य डाव खेळलोय.

केलीचा निकष वापरून दोन टेबलांची तुलना करता येते. चेन-अँकनमन यांनी या दिशेनेही विचार केलाय. समजा खालच्या टेबलावर दर ४ आहे आणि वरचं टेबल दुप्पट मोठं. वर समोरचे लोक अधिक चांगले, त्यामुळे दर घसरून ३ होतो. विचलन दोन्हीकडे ९०. तर वर जाणं फायद्याचं ठरतं ते वरचे सुमारे ३० बाय-इन जमल्यावर. दर घसरून २.५ झाला तर? मग ६१ बाय-इन लागतात. आणि दर २ वर आला तर कधीच नाही, कारण दुप्पट टेबलावर निम्म्या दराने तेवढेच पैसे मिळतात आणि हेलकावे मात्र दुप्पट.

म्हणजे ३ आणि २.५ या अर्ध्या बिग ब्लाइंडच्या फरकाने ‘योग्य’ आकडा दुप्पट होतो. हा अर्धा मोजायचा म्हटलं तर? ०.५ शून्यापासून दोन प्रमाण त्रुटी लांब दिसायला जवळपास एक कोटी तीस लाख डाव लागतील. कुठल्याही माणसाकडे, कुठल्याही एका टेबलाबद्दल, इतका विदा नसतो. तेव्हा ‘बरोबर आकडा वीस की तीस की पन्नास’ हा वाद जितक्या हिरिरीने घातला जातो तितका त्याला आधारच नाही. बारीक रेघ ओढायला जाड खडू घेतल्यासारखं आहे हे.

याला पर्याय म्हणून ‘शॉट घेणं’ सुचवलं जातं. वर दोन-तीन बाय-इन घेऊन जा, गेले तर परत या. खर्चाला आधीच मर्यादा घातलेली असते, म्हणून मला ही पद्धत आवडते. पण तीन बाय-इन जाईपर्यंत किंवा तेवढे येईपर्यंत जे डाव होतात त्यांतून दराबद्दल जवळपास काहीच कळत नाही. कळतं ते वेगळं: समोरचे लोक कुठे चुकतायत हे मला दिसतंय का? कुठल्या प्रसंगात मला उत्तरच सुचत नाही? पथदर्शी अभ्यासाचं कामही हेच असतं. प्रश्नावली चालते का, यंत्र नीट वाचन देतं का, हे कळायला दहा जण पुरतात. परिणाम किती मोठा आहे हे त्या दहांवरून सांगू नये.

मोजमाप सुधारता येतं का?

येतं, आणि संशोधकांनी ते करून दाखवलंय. क्लॉडिकोच्या पुढच्या वर्षी, २०१६ च्या शेवटी, कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या नेतृत्वाखालच्या गटाने डीपस्टॅक ही प्रणाली १७ देशांतल्या ३३ व्यावसायिक खेळाडूंविरुद्ध उतरवली. एकूण डाव ४४,८५२. म्हणजे क्लॉडिकोपेक्षा जवळपास निम्मे. साध्या बेरजेत तिचा विजय शून्यापासून चार प्रमाण विचलनांहून लांब होता. मग त्यांनी आयव्हॅट नावाचं तंत्र लावलं. प्रत्येक डावातला नशिबाचा वाटा, म्हणजे कुठले पत्ते आले आणि प्रणालीच्याच यादृच्छिक निवडींमुळे काय घडलं, हा अंदाजाने वजा करायचा. विजयाचा दर जवळपास तोच राहिला, दर डावाला ०.४९ बिग ब्लाइंडच्या आसपास. पण शून्यापासूनचं अंतर वीस विचलनांहून जास्त झालं. डाव तेच, माहिती अनेकपट.

साध्या खेळाडूला हे तंत्र जसंच्या तसं लावता येत नाही, कारण त्याला निदान एका बाजूची संपूर्ण व्यूहरचना माहीत असावी लागते. त्याच्या हाती राहते ती धाकटी आवृत्ती: सगळे पैसे आत गेल्यावर पत्ते उघडले आणि माझी जिंकण्याची शक्यता ८० टक्के होती, तर प्रत्यक्षात हरलो तरी भांड्यातले ८० टक्के माझ्या नावावर मांडायचे. गोंगाट थोडा कमी होतो, संपत नाही. विद्यार्थ्यांनी इथे लक्षात ठेवायची गोष्ट अशी की नमुना वाढवणं हा एकच उपाय नसतो. चांगलं मोजमाप कधीकधी दुप्पट नमुन्यापेक्षा स्वस्त पडतं.

दुसरा उपाय आणखी साधा: स्वतःचा आकडा सरासरीकडे ओढून वाचा. समजा त्या टेबलावरच्या खेळाडूंचा सरासरी दर उणे २ आणि त्यांच्यातला फरक ४ च्या विचलनाचा आहे. तुम्हाला ५०,००० डावांत दर ८ दिसला. त्याची प्रमाण त्रुटीही ४ च. दोन्हींचं वजन सारखं, म्हणून उत्तम अंदाज मधोमध: ३. आठ दिसत असताना तीन मानणं जिवावर येतं, पण प्रामाणिक आकडा तोच.

सूत्राबाहेर राहिलेलं

दोन गोष्टी या सगळ्या गणितात बसतच नाहीत. एक, घरखर्च. दर ३ असलेला खेळाडू त्यातले २ दरमहा काढून घेत असेल, तर बँकरोलच्या दृष्टीने त्याचा दर १ आहे. बुडण्याची शक्यता २३ वरून ६१ टक्के. छंद म्हणून खेळणाऱ्याने आखलेला नियम पोटासाठी खेळणाऱ्याला म्हणूनच लागू पडत नाही.

दुसरी गोष्ट जास्त कडू आहे. १५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकी सरकारने पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि अॅब्सोल्यूट पोकर यांच्यावर कारवाई केली. त्याच सप्टेंबरमध्ये सरकारी वकिलांनी न्यायालयात मांडलं की फुल टिल्ट खेळाडूंचं सुमारे ३९ कोटी डॉलर देणं लागत होती आणि बँकेत होते फक्त सुमारे ६ कोटी. फर्ग्युसन या कंपनीच्या संचालकांपैकी एक. त्याच्यावरचा दिवाणी दावा पुढे दोष मान्य न करता तडजोडीने मिटला. २०१२ मध्ये पोकरस्टार्सने सरकारशी तडजोड करून फुल टिल्ट घेतलं आणि त्यानंतर टप्प्याटप्प्याने खेळाडूंना पैसे मिळाले. पण मधल्या काळात ज्याने पाच टक्क्यांचा नियम डोळ्यांत तेल घालून पाळला त्याचं बँकरोल आणि ज्याने कुठलाच नियम पाळला नाही त्याचं बँकरोल, दोन्ही सारखीच गोठलेली होती. प्रतिमानात जोखीम एकाच ठिकाणी मांडली होती, पत्त्यांत. ती आली दुसऱ्याच ठिकाणाहून.

मग निवाडा काय?

‘वर कधी जावं’ या एका प्रश्नाच्या पोटात तीन प्रश्न आहेत. माझे पैसे टिकतील का? मी इथे खरंच जिंकतोय का? मी तिथे जिंकेन का? वीस बाय-इनचा नियम पहिल्या प्रश्नाचं बरं उत्तर देतो, तेही खाली यायची शिस्त पाळली तरच. दुसऱ्या प्रश्नावर त्याचा पुरावा इतका लेचापेचा आहे की हरणाऱ्यांपैकी ३८ टक्के पास होतात. तिसऱ्यावर तो काहीच बोलत नाही. चेन-अँकनमन यांचं पुस्तक तिन्ही प्रश्न वेगळे ओळखतं, आणि म्हणून ते मला या विषयातलं सगळ्यात प्रामाणिक वाटतं. फक्त ते पूर्ण वाचायला हवं.

तरी निर्णय तर घ्यावाच लागतो. एक कोटी डाव खेळून मग ठरवू, असं कोणी म्हणू शकत नाही. म्हणून चांगला निर्णय म्हणजे खात्री झाल्यावर घेतलेला निर्णय, ही कल्पनाच सोडून द्यावी लागते. चांगला निर्णय म्हणजे चुकला तरी परवडेल आणि परत फिरता येईल असा. किती डावांनंतर बघायचं ते आधी लिहून ठेवायचं. कुठल्या आकड्याला खाली यायचं तेही आधीच. आणि बुडालेले प्रयत्नसुद्धा वहीत मोजायचे.

तुमच्यापैकी कोणी उद्या पहिल्या सहामाहीत एक झकास निकाल घेऊन मार्गदर्शकांकडे जाईल आणि त्यावर पुढची तीन वर्षं बेतायचं म्हणेल. जरूर जा. फक्त जाण्याआधी एका कागदावर लिहा: हा निकाल येण्याआधी किती वेळा मांडणी बदलली, थांबायचं कधी ते आधी ठरलं होतं का, आणि माझं म्हणणं चुकीचं असतं तरी असाच निकाल दिसण्याची शक्यता किती होती. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ३८ टक्क्यांच्या आसपास येत असेल, तर विषय सोडायची गरज नाही. पण तीन वर्षांऐवजी आधी तीन महिनेच लावा.